प्रवाळांच्या टँकसाठी दिवा निवडताना

रीफ टँकमधल्या बहुतेक प्रवाळांचे पोट दिव्यावर चालते. प्रवाळ हा प्राणी खरा, पण त्याच्या ऊतींमध्ये झूझँथेली नावाच्या एकपेशीय शैवालांची दाट वस्ती असते. ही शैवाले प्रकाशसंश्लेषणातून शर्करा, ग्लिसरॉल आणि अमिनो आम्ले तयार करतात आणि त्यांतला मोठा वाटा यजमानाला देतात. उथळ, स्वच्छ समुद्रात वाढणाऱ्या अनेक प्रवाळांची ऊर्जेची बहुतांश गरज यातूनच भागते. रात्री संस्पर्शक पसरून पकडलेले प्लवक त्यांना मुख्यतः नायट्रोजन आणि फॉस्फरस पुरवते. कॅल्शियम कार्बोनेटचा सांगाडाही अंधारापेक्षा उजेडात कितीतरी वेगाने घडतो. त्यामुळे दिवा अपुरा असेल, तर पाणी कितीही निर्मळ ठेवले तरी प्रवाळ महिनोन्‌महिने खंगत जाते. दिवा गरजेपेक्षा फार प्रखर असेल, तर शैवालांच्या पेशींत घातक ऑक्सिजन-संयुगे साठतात, प्रवाळ आपल्या शैवालांना बाहेर टाकते आणि पांढरेफटक पडते. उपासमार हळू दिसते, भाजणे मात्र दोन-चार दिवसांत. टँक पाळणाऱ्यांच्या हातून दुसरा प्रकार जास्त घडतो, कारण नवा दिवा पहिल्याच दिवशी पूर्ण ताकदीने लावण्याचा मोह मोठा असतो.

काही प्रवाळांमध्ये ही शैवाले नसतातच. केशरी रंगाचे ट्युबॅस्ट्रिया, म्हणजे हौशी मंडळींचे ‘सन कोरल’, आणि गुलाबी-जांभळे मऊ डेंड्रोनेफ्थिया ही त्यातली ओळखीची उदाहरणे. त्यांना प्रकाश लागत नाही. पण त्यांना नियमित भरवावे लागते आणि ते काम दिवा लावण्यापेक्षा पुष्कळ कठीण आहे. दिव्याचा विचार उरलेल्यांसाठी.

समुद्रातला उजेड कसा असतो ते आधी पाहिले पाहिजे. उष्ण कटिबंधात भर दुपारी पाण्याच्या पृष्ठभागावर दर चौरस मीटरला दर सेकंदाला सुमारे २,००० मायक्रोमोल उपयुक्त फोटॉन पडतात. पाणी त्यातला लाल भाग सर्वांत आधी शोषते. पहिल्या पाच-दहा मीटरमध्ये लाल जवळजवळ संपतो, नारिंगी आणि पिवळा त्यामागोमाग जातो, आणि स्वच्छ महासागरी पाण्यात सर्वांत खोल पोचतो तो ४५० ते ४८० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा. विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटर पश्चिमेला, पाण्याखाली दडलेल्या आंग्रिया बँकेचा माथा सुमारे २० मीटर खोलीवर आहे. तिथल्या प्रवाळांना मिळणारा उजेड असाच निळसर असतो. मालवणजवळच्या प्रवाळांचे तसे नाही. तिथे पाण्यात गाळ, प्लवक आणि विरघळलेले सेंद्रिय द्रव्य असल्यामुळे निळा प्रकाशच लवकर शोषला जातो, हिरवट उजेड मागे राहतो आणि काही मीटरवरच अंधारून येते. दोन्ही ठिकाणी प्रवाळे जगतात. म्हणजे प्रवाळांची प्रकाशाशी जुळवून घेण्याची क्षमता मोठी आहे, फक्त त्याला वेळ लागतो. ही गोष्ट पुढे दिवा लावताना फार कामाला येते.

घरातल्या दीड फूट खोल टँकमध्ये मात्र पाणी रंग फारसा गाळत नाही. समुद्राचे दहा-वीस मीटर पाणी जे करते ते इथे दिव्यालाच करावे लागते. रीफ टँकचे दिवे इतके निळे दिसतात ते याचमुळे. झूझँथेलीतील क्लोरोफिल-ए आणि क्लोरोफिल-सी२ ही रंगद्रव्ये जांभळ्या-निळ्या पट्ट्यात, साधारण ४२० ते ४७० नॅनोमीटरमध्ये, प्रकाश जोमाने टिपतात आणि पेरिडिनिन हे त्यांचे खास रंगद्रव्य त्यापुढचा निळा-हिरवा भाग उचलते. क्लोरोफिल लाल प्रकाशही वापरू शकते, पण प्रवाळाला तो मोठ्या प्रमाणात मानवत नाही. नेदरलँड्समध्ये स्टायलोफोरा पिस्टिलाटा या प्रवाळावर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात लाल प्रकाशाखाली शैवालांची संख्या आणि प्रवाळाची प्रकृती दोन्ही खालावल्याचे दिसले. घरातल्या झाडांसाठी विकले जाणारे लाल-गुलाबी ‘ग्रो लाइट’ रीफ टँकवर लावू नयेत. स्वस्त मिळाले तरी नाही.

दिव्याच्या खोक्यावर छापलेले आकडे वाचताना सर्वांत जास्त गोंधळ होतो. वॅट हे दिवा किती वीज खातो त्याचे माप आहे, किती प्रकाश देतो त्याचे नाही. दर गॅलन पाण्यामागे इतके वॅट, हा जुना ठोकताळा ट्यूबलाइटच्या काळात बरा होता. एलईडीच्या काळात त्याला अर्थ उरलेला नाही, आणि पाण्याच्या घनफळावर प्रकाश ठरवणे मुळातच चूक होते, कारण प्रकाश क्षेत्रफळावर पडतो. लुमेन आणि लक्स ही मापे माणसाच्या डोळ्यासाठी बेतलेली आहेत. डोळा ५५५ नॅनोमीटरच्या हिरवट पिवळ्याला सर्वाधिक प्रतिसाद देतो, तर ४५० नॅनोमीटरच्या निळ्याला त्याच्या जेमतेम चार टक्के. त्यामुळे प्रवाळाला भरपूर वाटणारा निळा दिवा लक्समीटरवर दुबळा दिसतो आणि मोबाइलमधले प्रकाश मोजण्याचे अॅप याबाबतीत सरळ दिशाभूल करते. केल्विनमध्ये दिलेले रंगतापमान, म्हणजे १०,०००, १४,००० किंवा २०,००० केल्विन, दिवा पांढरा दिसेल की निळा एवढेच सांगते.

उपयोगी माप एकच, पीएआर. ४०० ते ७०० नॅनोमीटरच्या पट्ट्यातले किती फोटॉन ठरावीक जागेवर पडतात याची ही मोजणी. तिचे एकक दर चौरस मीटरला दर सेकंदाला मायक्रोमोल. पुढे नुसते मायक्रोमोल म्हटले आहे ते याच अर्थाने. पीएआर मोजायचे ते प्रवाळ जिथे बसणार तिथे, पाण्याखाली. त्यासाठीचा मीटर महाग असतो. परदेशांतली काही दुकाने तो भाड्याने देतात आणि हौशी मंडळी आपसात उसना देतात-घेतात. मीटर मागताना एक गोष्ट जरूर विचारावी: त्याचा संवेदक एलईडीसाठी योग्य आहे का? जुने संवेदक निळा प्रकाश कमी दाखवतात, आणि पाण्यात बुडवल्यावर कोणत्याही संवेदकाच्या आकड्याला उत्पादकाने दिलेल्या गुणकाने दुरुस्त करावे लागते.

प्रवाळांच्या गरजांचे साधारण पट्टे अनुभवाने ठरले आहेत. डिस्कोसोमा आणि रोडॅक्टिस ही मशरूम कोरल ५० ते १०० मायक्रोमोलमध्ये खूश असतात. झोअँथस, लेदर कोरल, आणि टॉर्च, हॅमर, फ्रॉगस्पॉन या नावांनी विकली जाणारी युफिलिया कुळातली प्रवाळे ८० ते १५० मध्ये चांगली वाढतात. पानांसारख्या थरांनी वाढणाऱ्या माँटिपोराला २०० ते ३००, आणि शिंगांसारख्या फांद्यांच्या अॅक्रोपोराला २५० ते ४०० लागतात. याच्या पुढे गेल्यास प्रकाशसंश्लेषण एका पातळीवर थबकते. जास्तीच्या प्रकाशाने वाढ होत नाही, फक्त ताण आणि विजेचे बिल वाढते. म्हणून दिवा निवडण्याआधी कोणती प्रवाळे ठेवायची हे ठरवणे श्रेयस्कर. दुकानात उलटे घडते, आधी दिवा पसंत पडतो.

तीव्रतेइतकाच तिचा कालावधी महत्त्वाचा असतो. १०० मायक्रोमोलचा प्रकाश १० तास मिळाला, तर दिवसभरात दर चौरस मीटरला ३.६ मोल फोटॉन पडतात. ३०० मायक्रोमोल असेल तर १०.८ मोल. मध्यम दिवा थोडा जास्त वेळ लावला तर दिवसाची बेरीज तीच राहते आणि दुपारचा चटका टळतो. दिवा हळूहळू चढवून आणि उतरवून एकूण १० ते १२ तास, त्यातले ७-८ तास पूर्ण, हे वेळापत्रक बहुतेक टँकना मानवते. बारा तासांपलीकडे ताणण्याने काचेवरची नको असलेली शैवाले तेवढी वाढतात.

आता प्रत्यक्ष हिशेब. ९० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद आणि ४५ उंच असा तीन फुटी टँक घेतला, तर त्याचे क्षेत्रफळ साधारण ०.४ चौरस मीटर येते. प्रवाळांच्या पातळीवर सरासरी २०० मायक्रोमोल हवे असतील, तर तिथे सेकंदाला ८० मायक्रोमोल फोटॉन पोचले पाहिजेत. दिव्यातून निघालेल्या प्रकाशातला निम्मा तरी टँकबाहेर सांडतो, पृष्ठभागावरून परततो किंवा काचेवर आणि दगडांच्या सावलीत वाया जातो, असे धरले तर दिव्याने १६० द्यायला हवेत. चांगला निळा-पांढरा एलईडी दिवा दर वॅटला सेकंदाला दीड ते दोन मायक्रोमोल देतो. म्हणजे ८० ते ११० वॅट. दिवा कायम पूर्ण ताकदीने चालवणे इष्ट नसल्याने १२० ते १५० वॅटची क्षमता घ्यावी, आणि ती एका दिव्यात न घेता दोन दिव्यांत वाटून घ्यावी.

हे वाटून घेणे फार महत्त्वाचे आहे, आणि नेमकी हीच गोष्ट जाहिरातींत सांगितली जात नाही. एकच प्रखर दिवा मधोमध टांगला, तर त्याच्याखाली ५०० मायक्रोमोल आणि कोपऱ्यात ६० अशी अवस्था होते. शिवाय प्रकाश एकाच बिंदूतून आल्याने प्रवाळ स्वतःवरच गडद सावली पाडते. अॅक्रोपोराच्या फांदीवर हे जवळून पाहता येते. वरच्या बाजूला टोके फिकट, जोमदार, रोज थोडी पुढे सरकणारी. त्याच फांदीची खालची बाजू आधी तपकिरी होते, पुढे तिच्यावरची ऊती पातळ होते आणि काही महिन्यांनी पांढरा सांगाडा उघडा पडतो. पाण्यात दोष शोधून शोधून माणूस थकतो, आणि कारण सावलीचे निघते. लहान-मोठ्या अनेक बिंदूंतून, वेगवेगळ्या कोनांतून येणारा मऊ प्रकाश अशा फांदीला सगळीकडून भिडतो. दिव्याचे परीक्षण करायचे तर टँकच्या मध्यबिंदूचा आकडा विचारू नये. दोन वीत अंतरावर आकडा कितीने घसरतो ते विचारावे. तो निम्म्यापेक्षा खाली जात असेल तर दिवे वाढवावेत किंवा उंच टांगावेत.

प्रकाश पसरवण्याच्या बाबतीत टी-५ ट्यूब अजूनही उत्तम. तीन फुटी ट्यूब ३९ वॅटची आणि चार फुटी ५४ वॅटची असते. प्रत्येकीमागे स्वतंत्र परावर्तक असलेला चार-सहा ट्यूबचा संच टँकभर जवळजवळ सारखा उजेड देतो. दोष हा की नऊ महिने ते वर्षभरात ट्यूबचा प्रकाश आणि रंग दोन्ही उतरतात आणि सगळ्या ट्यूब बदलाव्या लागतात. एकाच दिवशी सगळ्या बदलू नयेत, उजेड एकदम वाढून प्रवाळे भाजतात. दर आठवड्याला एक बदलावी. युरोपीय संघात २०२३ पासून सर्वसाधारण वापराच्या टी-५ ट्यूब बाजारात आणण्यावर बंदी आल्यानंतर या मार्गाचे भवितव्य आखूड दिसते.

मेटल हॅलाइड हा त्याआधीचा राजा. १९८०च्या दशकात जर्मनीत घरगुती टँकमध्ये दगडी प्रवाळे वर्षानुवर्षे टिकू लागली, त्यामागे या दिव्याचा मोठा हात होता. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातील अभियांत्रिकीचे प्राध्यापक संजय जोशी यांनी १५०, २५० आणि ४०० वॅटच्या अशा कित्येक दिव्यांचे वर्णपट आणि फोटॉन मोजून प्रसिद्ध केले, आणि एकाच वॅटचे दोन दिवे किती वेगळे वागतात हे हौशी जगाला आकड्यांत दाखवून दिले. मेटल हॅलाइडखाली वाळूवर नाचणाऱ्या उन्हासारख्या रेषा आजही अनेकांना भुरळ घालतात. पण उष्णता ही त्याची मोठी अडचण. शिवाय दोन्ही टोकांना जोडणी असलेल्या प्रकारात अतिनील किरण अडवणारी काच समोर असावीच लागते. ती फुटल्यावर तसाच दिवा लावल्यास प्रवाळे जळतात.

एलईडीचा मार्ग खुला झाला तो गॅलियम नायट्राइडवर आधारलेल्या प्रखर निळ्या एलईडीमुळे. १९९०च्या दशकाच्या आरंभी तो साकारणाऱ्या इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. घरातले पांढरे दिवे हा त्या शोधाचा मोठा उपयोग. पण प्रवाळांना हवा तो ४५० नॅनोमीटरचा ‘रॉयल ब्लू’ त्यातून थेट मिळतो, मध्ये काही गाळावे लागत नाही. आजच्या दिव्यांत जांभळा, रॉयल ब्लू, निळा, पांढरा असे वेगळे चॅनेल असतात आणि प्रत्येकाची तीव्रता मोबाइलवरून बदलता येते. नव्या टँकसाठी आज एलईडीच घ्यावा. मोठ्या, अॅक्रोपोराने भरलेल्या टँकवर एलईडीच्या दोन्ही कडांना टी-५ जोडण्याची पद्धतही खात्रीची आहे. खरी सूचना मात्र एवढीच की चॅनेल सतत बदलू नयेत. एकदा नीट बसलेली मांडणी महिनोन्‌महिने तशीच ठेवलेल्या टँकमध्ये प्रवाळे जास्त सुखात राहतात.

रंगांची गोष्ट थोडी वेगळी आहे. निळ्या उजेडाखाली हिरवी, केशरी झळकणारी प्रवाळे आपल्या प्रथिनांमुळे झळकतात. ही प्रथिने निळा प्रकाश शोषून लांब तरंगलांबीचा प्रकाश बाहेर टाकतात. हिरवे प्रथिन ओसामु शिमोमुरा यांना १९६२ मध्ये जेलीफिशमध्ये सापडले आणि त्या संशोधनाला २००८ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. लाल प्रथिन मात्र प्रवाळांच्या गोतावळ्यातून आले: मॉस्कोतील मिखाईल मॅट्झ, सर्गेई लुक्यानोव्ह आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये ते डिस्कोसोमामधून वेगळे केले, तेच मशरूम कोरल जे टँकच्या तळाशी अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवतात. जांभळी-गुलाबी, न झळकणारी रंगप्रथिने मात्र चांगल्या उजेडातच तयार होतात. प्रकाश कमी पडला की प्रवाळ शैवालांची संख्या वाढवते आणि सगळे रंग तपकिरीखाली झाकले जातात. दुकानातल्या गर्द निळ्या उजेडात पाहिलेले प्रवाळ घरच्या पांढऱ्या उजेडात फिके वाटते ते बहुतेक वेळा दिव्याच्या फरकामुळे. विकत घेण्यापूर्वी ते पांढऱ्या टॉर्चखाली बघून घ्यावे.

बसवणीला घाई नको. बहुतेक एलईडी दिवे पाण्यापासून २० ते ३० सेंटिमीटर उंचीवर बसतात. नवा दिवा निम्म्या ताकदीवर सुरू करून चार-सहा आठवड्यांत हळूहळू हव्या त्या पातळीला न्यावा. नवे प्रवाळ आणले तर ते आधी तळाशी ठेवून आठवड्या-दोन आठवड्यांनी वर सरकवावे. या काळात प्रवाळच सांगते. मशरूम कोरलला उजेड कमी पडला तर ते ताटलीसारखे सपाट पसरते. जास्त झाला तर कडा वर वळवून आक्रसते. टॉर्च कोरलचे संस्पर्शक दुपारी आखूड आणि संध्याकाळी लांब होत असतील, तर दुपारचा उजेड त्याला झेपत नाही. रंग फिका पडू लागला तर दिवा त्याच दिवशी वीस-तीस टक्क्यांनी उतरवावा. तपकिरीकडे झुकला तर थांबून, आठवडाभर पाहून मग वाढवावा.

दिवा वाढवला की पाण्याचे रसायनही बदलते, हे पुष्कळदा विसरले जाते. सांगाडा वेगाने घडू लागतो, तेव्हा कॅल्शियम आणि क्षारता वेगाने खर्च होते. कॅल्शियम लिटरला ४०० ते ४५० मिलिग्रॅम आणि क्षारता ७ ते ९ डीकेएच या पट्ट्यात राखण्यासाठी डोस वाढवावा लागतो. नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर आणलेल्या पाण्यात प्रखर प्रकाश तर आणखी धोक्याचा. शैवालांना पोषणच नाही आणि उजेड मात्र भरमसाट, अशा स्थितीत प्रवाळ पांढरे पडण्याची शक्यता सर्वाधिक.

रात्रीचा मंद निळा ‘मूनलाइट’ बहुतेक टँकमध्ये शोभेपुरता असतो, आणि तो रात्रभर चालू ठेवू नये. प्रवाळांना पूर्ण अंधारही हवा असतो. चंद्राचा खरा संबंध त्यांच्या प्रजननाशी आहे; अॅक्रोपोराच्या अनेक जाती पौर्णिमेनंतरच्या काही रात्रींत एकाच वेळी बीजे सोडतात. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयात जेमी क्रॅग्ज यांनी २०१२ मध्ये सुरू केलेल्या ‘प्रोजेक्ट कोरल’मध्ये समुद्रातले वर्षभराचे तापमान, दिवसाची लांबी आणि चंद्राच्या कला टँकवर हुबेहूब उतरवून प्रवाळांना ठरल्या काळी बीजे सोडायला लावले गेले. तिथे दिव्याची घड्याळाबरहुकूम अचूकता ही प्रयोगाची पूर्वअट होती.

मुंबई, पुणे, गोव्यात रीफ टँक लावणाऱ्यापुढे उष्णतेचा प्रश्न पहिला. प्रवाळांना २४ ते २७ अंश सेल्सियस हवे असते. मुंबईत उन्हाळ्यात पाणी सहज तिशीपार जाते आणि चिलर लागतोच. तीन फुटी टँकवर १५० वॅटचे दोन मेटल हॅलाइड लावले, तर बॅलास्टसह ३४० वॅट धरून नऊ तासांत सुमारे तीन युनिट जातात. १३० वॅटचा एलईडी दहा तासांत १.३ युनिट घेतो. महिन्याला हा फरक पन्नास युनिटांचा, आणि दिव्याची ती उष्णता चिलरने पुन्हा उपसायची ते वेगळेच. वीज गेल्यावर दिवा काही तास बंद राहिला तर बिघडत नाही; प्रवाळे ढगाळ दिवस सोसतात. इन्व्हर्टर पाण्याच्या पंपासाठी राखावा. प्रवाळे मिळवताना कायदाही पाहावा लागतो. भारतीय समुद्रातली दगडी प्रवाळे, समुद्रपंखे आणि काळे प्रवाळ यांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूचीत संरक्षण आहे. किनाऱ्यावरून काढलेले तुकडे घेणे हा गुन्हा आहे. परदेशातून येणाऱ्या दगडी प्रवाळांना साइट्स हा वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार लागू होतो. कागदपत्रे दाखवू न शकणाऱ्याकडून ती घेऊ नयेत.

दिवा लावल्यानंतरही त्याची देखभाल राहते. पाण्याच्या तुषारांनी भिंगावर मिठाचा थर बसतो, तो महिन्यातून एकदा बंद दिव्यावर ओल्या फडक्याने पुसावा. पंख्यात धूळ साचली की एलईडी तापून मंदावतात. त्यांचे आयुष्य ५०,००० तासांचे सांगितले जाते, पण पंखा आणि वीजपुरवठ्याचे सर्किट त्याच्या कितीतरी आधी बिघडतात. म्हणून घेताना सुटे भाग आणि दुरुस्ती आपल्या शहरात मिळते का ते पाहावे. आणि पीएआर वर्षातून एकदा पुन्हा मोजावे, कारण वाढलेल्या फांद्यांमुळे सावल्या सरकलेल्या असतात आणि वरच्या टोकाचे प्रवाळ आता दिव्याच्या कितीतरी जवळ आलेले असते.